चावडीपुढचा पाईप कोणी फोडला?

त्या सकाळचा चावडीपुढचा चिखल आजही माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. नव्या काँक्रीटच्या रस्त्याच्या कडेला एक खड्डा होता आणि त्यातून पाणी उसळत होतं. भोवती जमलेली माणसं मात्र पाण्याकडे न बघता माळाच्या दिशेने बोटं दाखवत होती.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू खुनी पकडलेस का गं?" पकडले. पण खुनी माणसं बहुतेक वेळा फार साधी, घाबरलेली निघतात. आज तुम्हाला ज्या गुन्ह्याबद्दल लिहिते आहे त्यात शेवटी आरोपी सापडलाच नाही, तरीही माझ्या पोलिसातल्या नोकरीतला हा तपास मला सगळ्यांत समाधानाचा वाटतो. यात कोणाचंच नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि रोज एकमेकांची तोंडं बघतात.

गाव कर्नाटकात, निपाणीपासून फार लांब नाही. खाली मुख्य गाव, मध्ये चावडी आणि पलीकडे चढावर माळावरची बौद्ध वस्ती. घराघरात नळ देण्याची योजना नुकतीच पूर्ण झाली होती. मोठी पाईपलाईन चावडीपर्यंत यायची आणि तिथून एक फाटा खालच्या गावाला, दुसरा माळाला जायचा. योजनेचं उद्घाटन थाटात झालं. खालच्या गावात नळ वाहू लागले. माळावरचे नळ कोरडेच राहिले. तिथे टँकर यायचा आणि बाया घागरी घेऊन उभ्या राहायच्या.

पाईप फुटल्याच्या दिवशी ग्रामपंचायतीची तक्रार ठाण्यात आली. मजकूर कानडीत होता, खाली पंचायतीच्या अध्यक्षबाईंची सही मराठीत. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान झालं, दोषींवर कारवाई व्हावी, एवढंच त्यात होतं. मी अज्ञात व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंदवला. तासाभरातच ठाण्याचा फोन वाजला.

"नाव सांगणार न्हाय. माळावरचा मास्तर हाय बघा, पहाटंच कुदळ घेऊन चावडीम्होरं खणत हुता. मी डोळ्यांनी बघितलंय."

फोन ठेवल्यावर आमचे हवालदार शांतपणे म्हणाले, "मॅडम, मागं दूध फिरवायचं यंत्र ऐकू येत होतं. म्हंजे डेअरीतलाच. नाव न्हाय सांगितलं तरी चालतंय, संध्याकाळी मीच च्या पाजून साक्ष घेतो."

ज्याला सगळे मास्तर म्हणत होते तो अजून मास्तर झालेला नव्हता. त्याचे वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाली करत. हा बी.एड. झाला, सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवायला निवडला गेला. नेमणुकीची ऑर्डर निघण्याआधी पोलीस पडताळणी लागते आणि त्याच्या पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. गुन्ह्यात त्याचं नाव आलं असतं, तर तो कागद 'गुन्हा प्रलंबित' असा शेरा घेऊन परत गेला असता. मग कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्याची जागा कोणी राखून ठेवली नसती. दुपारपर्यंत गावातले चार-पाच पुढारी येऊन बसले होते आणि त्यांची मागणी एकच होती : त्याचं नाव घाला. वरून साहेबांचाही फोन आला, "साक्षीदार आहे ना? मग अडलंय कुठे?"

मी त्या मुलाला बोलावलं. बरोबर त्याची आई आली. तिला बाहेर बाकावर बसवून पाणी दिलं. चौकशीला बसणारी माणसं साधारण दोन तऱ्हेची असतात. काही गप्प बसतात, काही भारंभार बोलतात. हा तिसराच निघाला. विचारलं तेवढंच, पण पूर्ण उत्तर द्यायचा, जणू फळ्यावर गणित सोडवतोय.

"तू खणलंस?"

"व्हय मॅडम. मीच खणलं."

"पाईप फोडलास?"

"न्हाय. फुटलेलाच होता. त्या कडेची माती आठवडाभर ओली दिसत होती. पंचायतीत सांगितलं, तर म्हणाले, जनावरांनी मुतलं असंल. म्हटलं, दाखवू या काढून. कुदळीनं वरचा मुरूम सारला आणि पाणीच अंगावर आलं."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवील?"

"पाईप बघा की. कुदळ लागली असती तर पाईपला भोक पडलं असतं." मग तो म्हणाला, "अजून एक सांगू? चाचणीच्या वेळी आमच्या वस्तीतबी पाणी आलतं. आईनं घागर भरून पुजली होती. उद्घाटन झालं आणि त्या दिवसापासनं बंद. अर्ज देऊन देऊन थकलो."

मी पंचांना घेऊन जागेवर गेले आणि स्वतः खड्ड्यात उतरून पाहिलं. पाईप अखंड होता. माळाकडे जाणाऱ्या फाट्याचा सांधा तेवढा रबरी कड्यातून निसटून बाहेर आला होता. कुदळीचा ओरखडासुद्धा कुठे नव्हता. पंचनाम्यात तसं लिहून घेतलं. पण एवढ्याने गाव ऐकणार नव्हतं. सांधा आपोआप कसा निसटेल, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

मग माझी खरी पायपीट सुरू झाली. पाणीपुरवठ्याचे अभियंते नवीन बदलून आलेले. ते म्हणाले, "पुढे व्हॉल्व्ह बंद असेल तर सगळा दाब सांध्यावर येतो आणि सांधा सुटतो. पण माळाचा व्हॉल्व्ह उघडाच असणार. काम पूर्ण झाल्याचा दाखला दिलेला आहे." व्हॉल्व्ह कुठे आहे, विचारलं. "चावडीजवळ, जमिनीतल्या चेंबरमध्ये. दिसत नसेल तर रस्तेवाल्यांनी बुजवला असेल." रस्त्याच्या कामाचे साहेब म्हणाले, "आमच्या लोकांनी एकही चेंबर बुजवलेलं नाही. पाईप आमच्या अखत्यारीत नाही." पंचायतीचे अधिकारी म्हणाले, "योजना अजून आमच्या ताब्यात आलेली नाही." तिघेही सभ्य होते, तिघांनी मला चहा पाजला आणि गंमत म्हणजे तिघेही आपापल्या कागदाप्रमाणे खरं बोलत होते.

खरं बोलणारी तीन माणसं आणि कोरडा नळ, हे कोडं मला रात्री जेवतानाही सुटेना. मग मी आमच्या जुन्या पद्धतीकडे वळले. वस्तू हरवली की आम्ही ती शेवटी कोणाच्या हातात होती ते विचारतो. व्हॉल्व्हला शेवटचा हात कोणाचा लागला? उद्घाटनाच्या दिवशी कोण फिटर कामावर होता? हवालदारांनी शोध काढला. तो सदलग्याला दुसऱ्या कामावर होता. त्याला बोलावून घेतलं. जबाब द्यायला आला तो हातात टोपी घेऊन, आल्या आल्याच घाम पुसत.

"माळाचा व्हॉल्व्ह कुठे आहे रे?"

"चावडीम्होरं की, मॅडम."

"उघडा की बंद?"

"बंद." त्याने मान खाली घातली. "म्याच बंद केलता. पाव्हणे येणार, खालच्या नळाला पाणी जोरात उडालं पायजे, असा आमच्या ठेकेदारांचा हुकूम. म्हटलं, घटकाभर माळाचं बंद करू, पाव्हणे गेले की उघडू."

"मग उघडलास का नाहीस?"

"गेलतो की उघडाय! जाऊन बघतोय तर झाकणावर पांडव!"

हवालदार हसू दाबायला खिडकीकडे वळले.

मुलांनो, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्याकडे पेरणी असो, मळणी असो, विहीर असो, कामाच्या सुरुवातीला पाच खडे मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. ते पाच पांडव. पाहुणे आलेच आहेत, तर पाण्याच्या उद्घाटनापाठोपाठ रस्त्याच्या कामाची पूजाही उरकून घ्यायचं ठरलं. चावडीपुढे सपाट, स्वच्छ जागा एकच होती, ती म्हणजे चेंबरचं लोखंडी झाकण. अध्यक्षबाईंनी त्यावरच पाच खडे मांडले.

"देवाला हात कसा लावायचा, मॅडम? म्हटलं, दुसऱ्या दिशी उचलतील. दुसऱ्या दिशी गेलो तर फुलं वाहिलेली. आठ-पंधरा दिसांनी बघतो तर रस्तेवाल्यांनी भवतीनं कट्टाच बांधलेला! मग आमाला सदलग्याला धाडलं."

रस्तेवाल्यांनी चेंबर बुजवलं नव्हतं, हे खरंच होतं. त्यांनी फक्त देवाला वळसा घातला होता.

तपास इथे संपला असं तुम्हाला वाटेल. माझी काळजी मात्र इथून वाढली. ही बातमी माळावर पोचली की तिथली तरुण पोरं पहार घेऊन येणार आणि खालचं गाव 'आमचा देव हलवला' म्हणून धावणार. बंदोबस्त लावून पोलिसांकडून खडे उचलून घेता आले असते. पण मग माळावर पाणी चढलं असतं आणि गाव कायमचं दुभंगलं असतं. मास्तरवर तर दुसरा, दंगलीचा खरा गुन्हा दाखल व्हायला वेळ लागला नसता. मी त्याला बजावलं, "उद्यापर्यंत तुझ्या दोस्तांना घरात ठेव. तुझी ऑर्डर माझ्या हातात नाही, त्यांच्या हातात आहे."

आणि मी साध्या साडीत अध्यक्षबाईंच्या घरी गेले. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. सोप्यात बसून त्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मीही बसले आणि चार शेंगा हातात घेतल्या. सगळी हकीकत ऐकून त्या ताठ झाल्या.

"म्हंजे मी देव बशिवला आणि देवानं पाणी अडीवलं, असं म्हणताय व्हय?"

"देवाला कशाला मध्ये घेता, अक्का? मला एवढंच सांगा, खळ्यावर पांडव मांडता ते कधी उचलता?"

"मळणी झाली की. शेवटची रास भरली की हळदकुंकू वाहायचं, पाया पडायचं आणि..." त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि रस्त्याचं काम कधी संपलं?"

टरफलं झटकून त्या म्हणाल्या, "त्या मास्तराचं नाव घातलेल्या तक्रारीवर मीच सही केली असती बघा. कागद तयार करून आणला हुता पोरांनी. आता च्या घ्या. सकाळी या."

सकाळी चावडीपुढे सगळं गाव लोटलं होतं. माळावरची माणसं एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. मी मधे, बरोबर फक्त दोन शिपाई. अक्का ताट घेऊन आल्या. त्यांनी खड्यांना हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. पहिला खडा उचलताच गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अक्का, देव उठवाय लागलीस! यंदा पाऊस पडायचा न्हाय बघ!"

अक्कांनी मान वळवली. "तुझ्या खळ्यावरचं पांडव वर्षभर तिथंच ठेवतोस व्हय रं? काम झालं की सोडायचं असतंय त्यास्नी. ह्यास्नी उन्हातान्हात बशिवलंय आपण. चूक माझी हाय. पाऊस पडला न्हाय तर माझ्या दारात ये."

हशा पिकला. मला वाटतं, दोन्ही बाजूंनी एकदम पिकलेला तो त्या गावातला बऱ्याच दिवसांतला पहिलाच हशा असावा. पाचही खडे पदरात घेऊन अक्कांनी त्या मुलाकडे बघितलं.

"ए मास्तर, लांब का उभा? खणाय आलतास न्हवं? ये, झाकण धर आता."

सांधा आदल्या दिवशीच बसवून घेतला होता. मास्तरने आणि फिटरने झाकण उचललं. फिटरने चाक फिरवलं. चावडीपुढे काहीच दिसलं नाही. सगळे नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले. मास्तर हातातल्या मोबाईलकडे टक लावून उभा होता. आणि तो वाजला. त्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. पलीकडून त्याची आई ओरडत होती, "आलं रं! गढूळ हाय, पर आलं! कुणीतरी घागरी आणा गं!"

गुन्ह्याचा मी 'बी रिपोर्ट' पाठवला, म्हणजे पाईप कोणी फोडलेला नाही, गुन्हा घडलेला नाही, असा अंतिम अहवाल. कोर्टाने तो मान्य केला. पडताळणीच्या कागदावर 'आक्षेपार्ह काही नाही' असं लिहून मी सही केली. आज तो खानापूरकडच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो.

या तपासाने मला काय शिकवलं? नोकरीभर मी वाईट हेतू शोधत आले. इथे वाईट हेतू कोणाचाच नव्हता. फिटरला पाहुण्यांपुढे लाज राखायची होती, अक्कांना कामाला यश मागायचं होतं, रस्तेवाल्यांना देवाचा मान ठेवायचा होता. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि एक वस्ती तहानलेली राहिली. आणि मग ज्याने जमीन ओली असल्याचं सांगितलं त्यालाच गाव पकडायला निघालं. रस्ते असोत की पाणी, आपण कामाची सुरुवात फार थाटात करतो. काम संपलं की नाही हे बघायला मात्र कोणी जात नाही. हे ठरवून बघायला हवं आणि ते बघता येतं, हेही मी त्याच गावात पाहिलं.

कारण त्यानंतर अक्कांनी पंचायतीत एक पद्धत पाडली. पाण्याचं कोणतंही काम पुरं झालं म्हणून सही करायची वेळ आली की त्या म्हणायच्या, "आधी शेवटच्या नळावर चला." पहिल्यांदा त्या गेल्या तेव्हा मी बरोबर होते. माळावरचं अगदी टोकाचं घर मास्तरचंच. त्याच्या आईने तांब्या घासून नळाखाली धरला आणि क्षणभर घुटमळली, द्यावा की नाही म्हणून. अक्कांनी हात पुढे केला, उभ्याउभ्याच सगळा तांब्या रिकामा केला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आणा आता कागद."