ओलेतं

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला खोकला आला की लघवी होई. शिंक आली, हंडा उचलला, मोठ्याने हसले, तरी होई. हसणं मी लगेच सोडलं. आमच्या घरी ते फारसं अवघड नव्हतं. खोकला सोडता येईना.

लोणावळ्याच्या त्या घराची सगळी प्रतिष्ठा सोवळ्यात होती. मामंजी पेन्शनीत निघालेले कारकून. कचेरीत न मिळालेला मान ते देवघरात वसूल करत. नैवेद्याचा स्वयंपाक माझ्याकडे. चैत्रातल्या एका सकाळी चुलीपाशी शिंक आली आणि लुगड्याचा काष्टा मागून भिजला. तेवढ्यात सासूबाईंची चाहूल लागली. मी शेजारचा तांब्या उचलून कमरेवरून ओतून घेतला.

"अगं, हे काय?"

"आजपासून ओलेत्यानंच करीन म्हणते," मी म्हणाले.

ओलं वस्त्र नेसून रांधणं म्हणजे सोवळ्याची शेवटची पायरी. मामंजींचा ऊर भरून आला. आल्यागेल्याला ते सांगू लागले, "आमची सून! लोणावळ्याच्या हवेत, ओलेत्यानं!" चातुर्मास लागताच त्यांनी माझ्या वतीनं चार महिन्यांचा नेमही जाहीर केला. मग पाऊस, गारठा, खोकला, आणि खोकल्यामागून ते. रोज तांब्या ओतायचा, रोज तेच अन्न देवापुढे ठेवायचं. देवाचं मला फारसं भय नव्हतं. मामंजींचं होतं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला माहेरी धाडलं असतं, आणि मुलं ठेवून घेतली असती.

नणंदेच्या बाळंतपणाला भाजे गावची सुईण आली. मागच्या दारी मला खोकताना तिनं एकदाच पाहिलं.

"वैनी, हे देवाधर्माचं न्हाई. अंग ढिलं पडलंय तुजं. लय जणींचं पडतं. डोळं मीट, आन् आतून वर वढून धर."

मी धरलं.

"दात कशाला आवळतीस?"

पुन्हा धरलं.

"आता मुठी! खाली गं, खाली!"

तिसऱ्यांदा मी श्वास कोंडला. ती हसायलाच लागली. "तितं न्हाई, माजे बाई!"

डोळे मिटून मला हाताचा अंगठा सापडे, पायाची करंगळी सापडे. ती जागा सापडेना. दोन मुलं जिथून आली, तिथं मी स्वतः कधी गेलेच नव्हते. बाराव्या दिवशी सुईण परत गेली. मी चुलीपाशी, अंथरुणात, मुलाला पाजताना शोधत राहिले. खोकला आला की शोध फुकट गेल्याचं कळे.

आश्विनात ताप भरला. डॉक्टर म्हणाले, "ओलं अंगावर घालाल तर छाती भरेल. मग मला बोलावू नका." मामंजी चक्क नमले. "देव समजून घेईल," म्हणाले. सासूबाई सोवळ्याचं कोरडं लुगडं घेऊन माजघरात आल्या. मी ते घेईना. एवढ्या घरात ओलेत्यासाठी रडणारी मी एकटी होते.

"एवढी निष्ठाही बरी नव्हे," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. चैत्रापासूनचं सगळं.

सासूबाईंनी लुगड्याची घडी खाली ठेवली.

"नैवेद्य करतानासुद्धा?"

"रोज."

त्यांनी दार लावलं. कोरडं लुगडं मला नेसवलं, काष्टा स्वतः घट्ट खोचला. मग घंगाळातून तांब्या भरला आणि माझ्या कमरेवर रिकामा केला.

"ह्यांना मी सांगते, सून कुणाचं ऐकत नाही," त्या म्हणाल्या. "जा आता. आणि खोकू नकोस."