पुस्तकावर नाव कुणाचं

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली आहेत. वाचनालयातल्या कार्डांच्या खणात ती चिरडली गेली. खण ढकलणारा माणूस माझ्याकडे बघत होता आणि बोटं आत आहेत हे त्याला दिसत होतं.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. गुलमंडीच्या मागच्या बाजूला एका सार्वजनिक वाचनालयात मी नोकरी करत होते. माझं काम पुस्तकांच्या नोंदींचं. नवं पुस्तक आलं की त्याची कार्डं करायची, लाकडी कपाटाच्या खणांत अक्षरांच्या क्रमानं लावायची, आणि खालच्या भोकांतून पितळी गज सरकवायचा, म्हणजे कुणी कार्ड उपसून नेत नाही. लोकांना वाटायचं, पुस्तकावरचं नाव कार्डावर उतरवायचं, त्यात काय एवढं. पण नाव आणि पुस्तक यांचं नातं काय, तेही लिहावं लागतं. या माणसानं हे रचलंय, की दुसऱ्या भाषेतून आणलंय, की लोकांकडून गोळा करून छापलंय? एकेका पुस्तकामागं दोन-तीन माणसं असतात आणि वर एकच झळकतो. बाकीच्यांना निदान कार्डावर जागा द्यायची, हे आमच्या ग्रंथपालांनी मला पहिल्यापासून शिकवलं होतं.

ग्रंथपाल वयानं मोठे. उर्दूतून शिकलेले, मराठी नंतर शिकले आणि माझ्यापेक्षा शुद्ध लिहायचे. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य संपलं, त्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, त्यांच्या गावी, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मामांना घरातून ओढून नेऊन गल्लीत तोडलं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहा पिता पिता, आवाज न चढवता. जिन्यावरून चार माणसं जोरात बोलत आली की त्यांचा हात टेबलाची कड धरायचा. ते त्यांना स्वतःला कळत नसावं.

एका दुपारी पडेगावकडची एक बाई वर आली. खांद्यावर घोंगडी, हातात मेंढरं हाकायची काठी. खालचा ओठ सुजून काळा पडलेला आणि एका कानाजवळचे केस मुळापासून उपटलेले; तिथली कातडी लाल दिसत होती.

"पुस्तकं हितंच असत्यात नव्हं?" तिनं विचारलं.

"हो. बसा मावशी. हे काय झालं?"

"मारलं," ती म्हणाली आणि जमिनीवर बसली. खुर्ची दाखवली तरी ती तिथंच बसून राहिली.

हळूहळू तिनं सगळं सांगितलं. गावच्या शाळेत गॅदरिंग होतं. मुलींनी ओव्या म्हटल्या आणि या ओव्या आपल्याच शाळेच्या जुन्या हेडमास्तरांनी लिहिल्यात, असं माईकवरून सांगितलं. पाहुणा म्हणून हेडमास्तरांचा मुलगाच आला होता. मोठ्या जमिनीचं घराणं, मुलगा शहरात कंत्राटं घेणारा. ही बाई मागं बायकांत बसलेली. ती उठून म्हणाली, ह्या ओव्या माज्या हायेत. लोक हसले. मग मुलाबरोबरच्या दोघांनी तिला केसांना धरून मांडवाबाहेर ओढलं आणि शाळेच्या भिंतीमागं लाथांनी तुडवलं. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेनं तिला गुपचूप सांगितलं की त्या ओव्यांचं छापलेलं पुस्तक शहरातल्या वाचनालयात आहे, तिथं जाऊन विचार.

पुस्तक आमच्याकडे होतंच. पातळसं, ओव्यांचं. माझ्याआधीच्या माणसानं त्याचं कार्ड केलं होतं आणि वर हेडमास्तरांचं नाव घालून पुढं 'लेखक' लिहिलं होतं. मी पुस्तक काढून तिच्याजवळ खाली बसले आणि मध्येच एक पान उघडून वाचलं:

मेंढरं मोजिते, मावळला दिस बाई
पाठीवरलं वळ माझं, मोजाया कुणी न्हाई

तिनं पदर मागं सारला. भुवईपासून केसांत गेलेला एक जुना, पांढरा व्रण होता.

"ह्या ओवीचा हाय हा," ती म्हणाली. "मास्तर माळावर आमच्या मेंढरांच्या वाड्यावर यायचा, मेंढरं बसवल्यावर. म्या गायची, त्यो लिहून घ्यायचा. नवऱ्यानं ऐकलं. म्हनला, परक्या बाप्याम्होरं घरातला मार गाऊन सांगतीस व्हय? खोऱ्याच्या दांड्यानं हाणलं. दोन रोज डोळा उघडला नाय. मास्तरला कुनी हात लावला नाय. मार म्या खाल्ला, आन नाव त्याचं."

"ओव्या तुम्हीच रचल्या?"

"मग कुनी? मेंढरांनी?"

मी पुस्तकाची प्रस्तावना वाचून काढली. त्यात हेडमास्तरांनीच लिहिलं होतं की पडेगावच्या माळावर मेंढ्या राखणाऱ्या एका बाईच्या तोंडून या ओव्या ऐकल्या आणि जशाच्या तशा उतरवल्या. लपवलं काहीच नव्हतं. फक्त बाईचं नाव नव्हतं, आणि मुखपृष्ठावर 'लेखक' म्हणून ते स्वतः होते. कुणी प्रस्तावना वाचलीच नसावी.

ग्रंथपालांना मी पान दाखवलं.

"नियमानं हे संकलक होतात," ते म्हणाले. "रचना बाईची. पण आधी हेडमास्तरांना भेटून या. त्यांच्या तोंडून नाव येऊ द्या. आणि एक सांगतो. ती माणसं आधी मारतात, मग बोलतात."

हेडमास्तर निवृत्तीनंतर मुकुंदवाडीला मुलाच्या बंगल्यात राहत होते. थरथरणारा, स्वच्छ धोतरातला म्हातारा. मी विषय काढला तशी त्यांची मान खाली गेली. बाईचं नाव मात्र त्यांनी लगेच सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट.

"छापणारा म्हणाला, बाईचं नाव घातलं तर पुस्तक कोण घेईल," ते म्हणाले. "मी गप्प बसलो. तुम्ही लिहा. माझ्यापुढं संकलक लिहा."

आतून मुलगा आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बापाच्या मानगुटीवर हात ठेवला आणि दाबला. म्हाताऱ्याचं डोकं पुढं झुकत झुकत गुडघ्यांपर्यंत गेलं.

"बाबांना आठवत नाही आता काही," तो म्हणाला. "मॅडम, तुम्ही निघा."

म्हाताऱ्याची बाही वर सरकली होती. दंडावर बोटांचे निळे ठसे होते, काही ताजे, काही पिवळे पडलेले.

मी परत येऊन कार्डं केली. मुख्य कार्डावर वर पुस्तकाचं नाव, खाली बाईचं नाव आणि पुढं 'रचना व गायन', त्याखाली हेडमास्तरांचं नाव आणि पुढं 'संकलक'. शिवाय एक वेगळं कार्ड तिच्या नावाचं, म्हणजे तिचं नाव शोधत कुणी आलं तर त्याला पुस्तक सापडावं. ती अधूनमधून यायची. मी खण उघडून तिचं कार्ड दाखवायची. ती अक्षरांवर बोट ठेवायची आणि निघून जायची.

ही गोष्ट मुलापर्यंत कशी गेली, मला माहीत नाही. वाचनालयाच्या कमिटीत त्याच्या ओळखीचे लोक होते. एका सकाळी तो दोन माणसं घेऊन आला. वाचनकक्षात पेपर वाचणारे बरेच होते.

"ते कार्ड काढा," तो मला म्हणाला.

"कशाचं?"

"आमच्या बाबांचं नाव मेंढकीच्या खाली लावलंय ते. गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही तुम्ही. लोक विचारतात, तुमचा बाप तिच्याकडं रोज कशाला जायचा."

मी म्हटलं, कार्ड असं काढता येत नाही, गज असतो. मी खण थोडा उघडून गज दाखवत होते. माझी बोटं खणाच्या कडेवर होती. त्यानं तळहात टेकवून खण आत ढकलला. हाडाचा आवाज मी ऐकला. मग त्यानं तसंच दाबून धरलं, आणि मी खाली बसले तरी सोडलं नाही.

ग्रंथपाल धावत आले. त्यांनी त्याचं मनगट धरलं. तेव्हा त्यानं खण पूर्ण बाहेर ओढून जमिनीवर आपटला, गज उपसला आणि ग्रंथपालांना मारायला सुरुवात केली. गज पातळ होता, वेताच्या छडीसारखा लागत होता. पहिला फटका गालावर बसला आणि गाल उघडला. चष्मा फुटला. ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले, दोन्ही हात मागं, कपाटाच्या कडेला घट्ट धरलेले. हात वर करून तोंड झाकायचं त्यांनी काही केलं नाही. मला वाटतं, ते तेव्हा आमच्या खोलीत नव्हतेच. कुठल्यातरी जुन्या गल्लीत उभे होते. बरोबरच्या दोघांनी उरलेले खण उपसून कार्डं तुडवली. पेपर वाचणारे भिंतीला लागून उभे होते. एकानंही आवाज काढला नाही.

सरकारी दवाखान्यात माझ्या हाताला प्लॅस्टर घातलं. ग्रंथपालांच्या गालाला टाके पडले. चौकीत आम्हाला आपसात मिटवायचा सल्ला मिळाला. कमिटीच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, "जुनं कार्ड परत लावा. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

ग्रंथपालांचा चेहरा सुजलेला होता, बोलताना टाके ओढायचे. ते म्हणाले, "साहेब, एकाच शब्दाचा आहे. तोच बदलता येत नाही."

अध्यक्षांनी राजीनामा मागितला नाही आणि आम्ही कार्ड बदललं नाही. माझा हात चालत नव्हता, म्हणून तुडवलेली कार्डं ग्रंथपालांनी स्वतः पुन्हा लिहिली. त्या बाईचं सगळ्यात आधी.

त्यानंतर काही आठवड्यांनी हेडमास्तर स्वतः रिक्षानं आले. जिना चढताना दर पायरीला थांबत होते. मुलाला न सांगता आले होते. त्यांना मुखपृष्ठावर स्वतःच्या हातानं दुरुस्ती करायची होती. मी पुस्तक दिलं. त्यांनी 'लेखक' शब्दावर रेघ मारली आणि वर 'संकलक' लिहिलं. मग बाईचं नाव लिहायला घेतलं. ती त्या दिवशी आलेली होती, दाराजवळ बसून बघत होती. इतक्या वर्षांत ते दोघं भेटले नव्हते.

"मास्तर, लई म्हातारं झालात," ती म्हणाली.

"तू कशी आहेस?" त्यांनी विचारलं. तिनं काठीनं पुस्तकाकडे दाखवलं.

नाव अर्धं लिहून झालं होतं, तेवढ्यात मुलगा जिन्यावरून वर आला. एकटाच. बाप घरात नाही हे बघून शोधत आला असावा. त्यानं बापाच्या सदऱ्याची कॉलर धरून त्यांना खुर्चीतून उचललं आणि तोंडात मारली. एक मारली, मग दुसरी. दातांची कवळी उडून फरशीवर पडली. "घराण्याचं वाटोळं करतोस," एवढंच तो म्हणत होता, आणि मारत होता. म्हातारा 'अरे, अरे' म्हणत होता, लहान मुलाला समजवावं तसा.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. बाई उठलेली मला दिसली नाही. काठी दिसली. ती मेंढरावर उगारतात तशी हलकी आली नाही. दोन्ही हातांनी, वरून आली. त्याच्या मानेजवळचं हाड मोडलं. तो वळला तशी दुसरी बसली, कानशिलावर. तो कार्डांच्या टेबलावर आडवा झाला आणि मग खाली घसरला. कानातून रक्त येत होतं. तिनं तिसऱ्यांदा काठी उचलली होती.

"बस," हेडमास्तर म्हणाले. कवळी नसल्यानं शब्द नीट उमटला नाही. "बस गं. माझा पोरगा आहे तो."

तिनं काठी खाली घेतली. मग भिंतीला टेकून बसली आणि पोलीस येईपर्यंत तिथंच बसून राहिली.

तिला धरून नेलं. हेडमास्तर त्याच अवस्थेत, सदऱ्यावर रक्त, पाठोपाठ चौकीत गेले. तिथं त्यांनी मुलगा आपल्याला रोज मारतो हे सांगितलं, दंड उघडून दाखवले, आणि ही बाई नसती तर आज मी मेलो असतो असं लिहून दिलं. ग्रंथपालांनी आणि मी जबाब दिले. या वेळी पेपर वाचणाऱ्यांपैकीही एक निवृत्त कारकून साक्षीला आला. खटला लांबला, पण शेवटी ती सुटली. मुलगा वाचला, एका कानानं बहिरा झाला आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. वाचनालयात तो परत आला नाही. हेडमास्तर शेंद्र्याला मुलीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले.

सुटल्यावर बऱ्याच दिवसांनी बाई आली. मला वाटलं, कार्ड बघायला आली असेल. मी खण उघडायला लागले, तर तिनं हात धरला.

"त्यातल्या समद्या माज्या नाय," ती म्हणाली. "काही माज्या आईच्या हायेत. मास्तरनं इचारलं नाय, म्या सांगितलं नाय. तिचं बी लावा."

मी पुस्तक काढलं आणि एकेक ओवी वाचत गेले. ती 'माजी' म्हणायची किंवा 'आईची' म्हणायची. एका ओवीला थांबली. ही दोघींची, म्हणाली. पहिली ओळ आईची होती. पुढची ओळ व्हायच्या आधी बापानं आईच्या डोक्यात पाटा घालून तिला मारून टाकलं होतं. दुसरी ओळ हिनं नंतर जोडली.

"आईचं नाव काय?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. ते मी वाकड्या बोटांनी नव्या कार्डावर लिहिलं आणि पुढं 'रचना' लिहिलं. तिला वाचून दाखवलं. मग ती उठली. खाली रस्त्यावर नातवानं मेंढरं थांबवून धरली होती आणि गाड्यांचे भोंगे वाजत होते.