यशदीपचा जास्तीचा वाय

आमचे हे, हिरालाल, रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीचे रूळ बदलून देणारे. रिटायर होऊन मोप दिवस झाले, पण आवाज अजून मालगाडी थांबवायचाच. गुढ़ियारीच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आमच्या घरची बातमी पेपरवाल्याच्या आधी पोचते ती त्यामुळंच.

यांना अभिमानाची भारी हौस. नवा माठ गळला नाही तरी शेजारी सांगून येतील. नातू यशदीप तर दारातून वाकून शिरणारा, तेव्हा त्याच्या उंचीचं कौतुक विचारूच नका. पोट्टा पंडरीच्या कापड बाजारात, भैय्यालाल सेठच्या दुकानात कामाला. पण तिथं त्याचं लक्ष टिकत नव्हतं. लाल साडी काढायला जाई अन् मधेच हिरव्यांच्या गठ्ठ्यात घुसे. गिऱ्हाईक वाढलं की छाती धडधडे, घाम फुटे. शेवटी आमच्या सुनेनं, नीलिमानं, त्याला मनाच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. बाईनं उंची पाहिली, लहानपणी बोलायला उशीर लागला होता हे ऐकलं, अन् रक्त तपासायला दिलं.

रिपोर्ट ऐकायला आम्ही सगळे गेलो.

"पुरुषांच्या गुणसूत्रांत बहुतेक एक एक्स आणि एक वाय असतो," बाई म्हणाली. "याच्यात वाय दोन आहेत."

"वाय म्हणजे मर्दाचा न?" यांनी विचारलं.

"हो, पण..."

तो 'पण' यांच्या कानात गेलाच नाही. मी मात्र ऐकलं. कोणात एक्स जास्त निघतो, कोणात कमी, कोणात वाय जास्त, अन् तसातसा मनाच्या तक्रारींचा रंगही थोडा बदलतो. वाय जास्त असलेल्या पुष्कळ पोरांचं लक्ष पळतं, जीव लवकर घाबरा होतो. सगळ्यांचं तसं नाही. कित्येकांना तर जन्मभर पत्ताच नसतो. औषध आहे, शिकवता येतं, एवढं बाईनं समजावलं.

घरी येतो तर हे जिलेबी घेऊन पारा फिरून राहिले! "आमचा यशदीप डबल मर्द आहे! डॉक्टरनं लिहून देलं!"

"आजी, दादाजी को रोको ना," पोट्टा तोंड लपवून म्हणाला. पण यांना थांबवणारा सिग्नल रेल्वेनंही बनवला नव्हता.

जिलेबी पंडरीपर्यंत पोचली. भैय्यालाल सेठनं मोबाईलवर काय पाहिलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी यशदीपला निरोप, कामावर येऊ नको. असे लोक मारपीट करतात म्हणे. पोट्टा भिंतीकडं तोंड करून पडला. ही नोकरी गेली तर हा पुन्हा घराबाहेर निघत नाही, हे नीलिमा अन् मी दोघीही समजून होतो.

"चला," मी यांना म्हटलं. "तोंडानं घालवली, तोंडानंच आणा."

यशदीपलाही उठवून सोबत घेतलं. दुकानात गिऱ्हाईक भरलेलं. सेठ यशदीपपासून दोन हात दूर सरकून बसला.

"दादा, आपही बोले थे, डबल मर्द है. मेरे यहाँ लेडीज आती हैं."

"मारपीटवाली गोष्ट झूट आहे, सेठ. मी डॉक्टरीणबाईले विचारून आलो." यांनी घसा खाकरला. एवढ्या गर्दीसमोर पुढचं बोलणं सोपं नव्हतं. "हा झुरळ पाहून टेबलावर चढते, सेठ."

"सच्ची?"

"त्याच्या आधी मी चढतो."

साड्या पाहून राहिलेल्या बाया अशा हसल्या की एकीच्या हातून साडी सुटली. यांचे कान लाल. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांचा इतका धीर मी आजवर पाहिला नव्हता.

सेठही हसला, तरी पाघळला नाही. "और इसका ध्यान? वो कौन लाएगा?"

तेव्हा यशदीप बोलला. स्वतःहून, सगळ्यांसमोर. "सेठजी, एक बार में एक काम बोलिए. तीन बोलोगे तो मैं चौथा कर दूँगा."

सेठनं त्याच्याकडं पाहिलं, मग वरच्या फळीकडं. "वो जामुनी वाली निकाल."

पोट्ट्यानं हात लांबवला. जांभळीच काढली.

"पाहा सेठ, माझा नातू..." यांनी छाती फुगवली.

मी मागून सदरा ओढला, अन् यांना तसंच पाठमोरं दुकानाबाहेर नेलं.