भावी जावयाच्या ट्रकमधून

ट्रकमध्ये चढायचे कसे, हे मला वयाच्या साठाव्या वर्षी शिकावे लागले. "सर, आधी डावा पाय पायरीवर ठेवा, मंग हा दांडा धरा, आन् मंग उजवा," गजानन खालून सांगत होता. मी आधी उजवा टाकला. त्यामुळे सकाळी सहा वाजता, दारव्ह्याच्या जिनिंगच्या आवारात, दहा-बारा हमालांच्या देखत मी दारालाच पाठ लावून लटकलो. शेवटी दोघांनी मला खालून रेटले आणि रुईच्या गाठींबरोबर माझीही भरती झाली.

हैदराबादकडचा हा प्रवास हौसेचा नव्हता. माझी मुलगी वैशाली सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने गजानन चव्हाणशी लग्न करायचे ठरवले होते. मुलगा आमच्याच समाजाचा, जवळच्या तांड्यावरचा. सगळे ठीक होते, फक्त तो ट्रक ड्रायव्हर होता. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. त्यातून सुटून तीन पिढ्यांनी मिळून कसाबसा खुर्चीवर बसणारा एक माणूस तयार केला. तो म्हणजे मी, भूगोलाचा मास्तर. आणि आता पोरगी पुन्हा मालवाहतुकीत निघाली होती! मी नाही म्हणालो. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबा, एक फेरी त्याच्यासोबत करून या. मग नाही म्हणा, मी ऐकीन."

माझी बायको सुमन हिने निघताना तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. दारू पितो का, शिव्या देतो का, आणि चालवता चालवता झोपतो का. "तिसरं पाहाच्यासाठी तुमाले जागं राहा लागन," असेही तिने बजावले.

पहिला थांबा वजनकाट्याचा. रिकाम्या ट्रकचे वजन आदल्या दिवशी झाले होते, आता भरल्या ट्रकचे करायचे होते. काटेवाला खिडकीतून ओरडला, "गजाभाऊ, वजन जास्त येऊन राह्यलं!" मग त्याला मी दिसलो. "हे कोण?"

"सर हायेत."

"मंग सरले उतरवा ना! नाईतर रुईत जमा होतीन."

मी उतरलो, वजन बरोबर आले, आणि मला पुन्हा डाव्या पायापासून सुरुवात करावी लागली.

यवतमाळ मागे टाकून आम्ही पांढरकवड्याच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता मी बसने शंभरदा केला असेल, पण ट्रकच्या उंचीवरून तो वेगळाच दिसतो. कोणाच्या स्लॅबवर तुरीच्या शेंगा वाळत आहेत, कोणाच्या आवारात अजून कापसाचा ढीग आहे, कपाशीत शेवटच्या वेचणीला किती बाया आहेत, सगळे दिसते. फक्त उतरून कोणाशी बोलता येत नाही. केळापूरला गजाननने देवीच्या दिशेने एक हात कपाळाला लावला आणि दुसऱ्या हाताने गिअर बदलला.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून त्याला दर अर्ध्या तासाला फोन येत होता. "कुठं पोहोचला?" आम्ही पाटणबोरीला चहा पीत होतो. गजानन म्हणाला, "आदिलाबाद येऊनच राह्यलं."

"खोटं काहून बोलतोस?" मी विचारले.

"खरं सांगतलं त ते दर दहा मिनिटाले फोन करतीन, सर."

मी मनात एक फुली मारली. शिव्यांच्या बाबतीत मात्र मुलगा निर्दोष निघाला. एक दुचाकीवाला अचानक आडवा आला तेव्हा गजाननने फक्त ब्रेक दाबला. शिवी मी दिली. तो इतका दचकला की त्याने हॉर्नही वाजवला नाही.

पैनगंगेचा पूल आला. एकतीस वर्षे मी मुलांना ही नदी फळ्यावर काढून दाखवली होती, आणि तिच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो. हे मी गजाननला सांगितले. "मंग गोदावरीबी पाह्यली नसन!" तो खूश होऊन म्हणाला. "आज दाखवतो तुमाले. सोन गावचा पूल हाये मोठा."

आदिलाबादच्या पुढे त्याच्या नेहमीच्या ढाब्यावर जेवलो. भात, पप्पू (घट्ट वरण), अंबाडीची चटणी, आणि डॉक्टरांनी मला साफ बंद केलेली मिरची भजी. जेवण होते न होते तोच सुमनचा फोन आला. "दहीभात खाल्ला," मी म्हणालो. गजानन ताटात पाहून हसला. सकाळची फुली मला पुसावी लागली.

ड्रायव्हरच्या सीटमागे झोपण्यापुरती एक फळी असते, पुढे पडदा. गजानन म्हणाला, "सर, तासभर पडा. मी दोर आन् टायर पाहून येतो." फोन चार्जिंगला लावून मी आडवा झालो, पडदा ओढला. दोनच मिनिटांत भज्यांनी आपले काम सुरू केले. मी घाईघाईने डाव्या दाराने उतरलो आणि ढाब्याच्या मागे गेलो. तिकडे बराच वेळ गेला.

परत आलो तेव्हा ट्रक नव्हता.

आधी वाटले, पुढे घेतला असेल. मग वाटले, मीच चुकीच्या ढाब्यासमोर उभा आहे. पण भज्यांची कढई तीच होती. खिशात चष्म्याचे घर आणि रुमाल, एवढेच. मला तेलुगू येत नव्हते आणि पाटी वाचता येत नव्हती. सोनचा पूल किती लांब, कोणत्या दिशेला, तेही ठाऊक नव्हते. भूगोलाचा मास्तर महामार्गाच्या कडेला हरवला होता. मला प्रचंड राग आला, आणि खरे सांगायचे तर भीतीही वाटली. मी कढईजवळच्या खाटेवर बसलो आणि वैशालीला सांगायचे वाक्य मनात तयार करू लागलो: जो माणूस सासऱ्याला विसरतो, तो तुला काय सांभाळणार?

दीडेक तासाने ढाब्याचा मालक कानाला फोन लावून बाहेर धावत आला. मला पाहून त्याने दोन्ही हात जोडले. "मामगारू! मामगारू!"

तिकडचा नमस्कार असावा, असे समजून मीही हात जोडून म्हणालो, "मामगारू!"

तो थोडा गोंधळला, पण त्याने चहा आणि केळी आणून ठेवली. थोड्या वेळाने एक मक्याचा ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर नरसिंलू, मिशीवाला, साठीकडे झुकलेला. तोही उतरून म्हणाला, "मामगारू?" मी म्हणालो, "मामगारू." त्याने मला हाताला धरून ट्रकमध्ये चढवले. या वेळी डावा पाय बरोबर पडला.

"टेन्शन नक्को लेओ सर," तो म्हणाला. "गजा पूल के पास खड़ा है. आधे रोड को फोन लगा दिया उनो." खरेच, टोलनाक्यावर शेजारच्या ट्रकमधून एकाने डोके बाहेर काढून विचारले, "मामगारू?" मी खिडकीतून प्रसन्नपणे उत्तर दिले, "मामगारू, मामगारू!" आता मला ती भाषा जमू लागली होती. नरसिंलू मात्र स्टेअरिंगवर वाकून का हसत होता, ते कळेना.

गोदावरी ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला आमचा ट्रक दिसला. गजानन उन्हात उभा होता. मी उतरताच तो पाया पडला आणि उठेचना.

"गाडीचा आवाजबी कमी ठेवला होता सर, तुमची झोप मोडू नये म्हणून. गाणं नाई लावलं. पूल आला तसा म्हटलं, सर उठा, गोदावरी आली. दोनदा म्हटलं. पडदा सारला त नुसती उशी."

"निघतानी एकदा पाहाचं होतं ना!"

"चुकलंच माझं. दहा वर्षं झाले, मागं कोणी नसतेच, सर. पाहाची सवयच नाई."

मी तयार केलेले वाक्य तोंडाशी आले होते. मग मला वाटले, आता हा म्हणेल की घरी सांगू नका. मी वाट पाहिली. तो म्हणाला, "वैशालीले सांगतलं मी. पयला फोन तिलेच केला."

"काय म्हणाली?"

"म्हणे, बाबा ढाब्यावरच असतीन. सहलीत हरवलं त जागचं हलाचं नाई, हे पोरांले बाबाच शिकवतात."

नरसिंलू निघाला तेव्हा मी हात जोडून म्हणालो, "मामगारू!" तो पोट धरून हसत ट्रकमध्ये चढला. गजाननचे कान लाल झाले.

"सर, ते… मामगारू म्हणजे सासरे."

मी किती जणांना हात जोडून सासरा केले, ते आठवत राहिलो. "आणि तू सगळ्या रस्त्याला हेच सांगितलं?"

"एक सर राह्यले म्हटलं असतं त कोणी घाई केली नसती," तो खाली पाहत म्हणाला.

मग त्याने मला चालत मागे पुलावर नेऊन गोदावरी दाखवली. आधीच उशीर झाला होता, तरी दाखवली. त्या उशिरामुळे हैदराबादच्या अलीकडच्या सूतगिरणीत आमचा नंबर गेला आणि दुसरा अख्खा दिवस आम्ही फाटकाबाहेर रांगेत काढला. तेव्हा मला समजले की ड्रायव्हरचे निम्मे काम थांबण्याचे असते. गजाननने स्टोव्हवर खिचडी केली, याडीला (आईला) फोन केला, टायरच्या सावलीत चटई टाकली, आणि ऑफिसातून फोन आल्यावर पहिल्यांदाच खरे सांगितले, "नंबर गेला साहेब. माझ्यानंच."

परतीला ट्रक हलका होता आणि मी पुढेच बसलो. दर थांब्यावर निघण्याआधी तो माझ्याकडे वळून पाहायचा. मी शेजारीच असायचो, तरी पाहायचा.

घरी सुमनने दारातच विचारले, "दारू?"

"नाही."

"शिव्या?"

"त्यानं नाही दिल्या."

"झोपतो?"

"मीच झोपलो, असं त्याला वाटलं," मी म्हणालो, आणि सगळे सांगितले. सुमन आधी चिडली, मग "मामगारू"पाशी आली आणि हसता हसता खाली बसली. वैशाली हसली नाही. ती दाराशी उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिने दिलेला शब्द तिला आठवत होता, मलाही.

"रविवारी त्याला आणि त्याच्या याडीला जेवायला बोलाव," मी म्हणालो.

त्यानंतर मी बसने यवतमाळला पुष्कळदा गेलो. समोरून ट्रक आला की पूर्वी मी त्याच्या नंबरप्लेटवरून राज्य ओळखायचो. आता आधी काचेतून आत पाहतो, केबिनमध्ये माणसे किती आहेत ते. बहुतेक वेळा एकच असतो.