वरचे काका आणि एकशे बारा

मृत्यूला समोरासमोर पाहिलेली माणसं जगात थोडी असतील. पण त्याला रोज सकाळी सात वाजता नाश्त्याला बोलावून, समोर बसवून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. नाश्त्याला पाण्यात शिजवलेले, बिनदुधाचे, बिनसाखरेचे ओट्स असायचे, त्यामुळे पाहुणा आलाच तरी फार वेळ थांबत नसावा.

आडगाव नाक्याजवळच्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे वरचे काका म्हणत. ते आमच्या वर राहतात म्हणून आम्ही म्हणायला लागलो आणि मग त्यांच्याही वर राहणारे लोक म्हणायला लागले. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत चूक शोधण्याचा पगार घेतलेला माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं काही खरं नसतं. काकांच्या घरी मात्र कोणी उरलं नव्हतं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, एकुलती मुलगी पुण्यात. तपासायला हाताशी उरलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे त्यांचं स्वतःचं रक्त. त्याचं काम त्यांनी पूर्ण पगारी असल्यासारखं हाती घेतलं.

साखर हा शब्द काका उच्चारत नसत. ते ‘ती’ म्हणत, आणि तेही आवाज खाली आणून. त्यांची भांडी घासणाऱ्या बाई पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे सांगत आल्या की काकांच्या घरात कोणीतरी बाई हाय, दिसत नाय, पण काका तिला लय भितात. माझ्या बायकोने ही बातमी मला सांगितली तेव्हा आम्ही दोघं खूप हसलो. मग एका सकाळी काहीतरी विचारायला मी वर गेलो. दाराची बेल काढून टाकलेली होती. काकांनी दार बोटभर उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हळू या सर. आत्ताच निजलीये.” त्यानंतर माझं हसणं जरा कमी झालं.

आत पडदे ओढलेले होते आणि एकच मिणमिणता दिवा लावलेला होता. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून ठेवला होता, कारण टिकटिक तिला चालत नाही. टेबलावर काकडीच्या आठ चकत्या होत्या, शेजारी ओट्सचं वाडगं, त्यावर जवसाची पूड आणि चिमूटभर मीठ. स्टीलचा चमचा वाजतो म्हणून लाकडी. आधी काकडी संपवायची, मग ओट्स, तेही घासागणिक चमचा खाली ठेवून, म्हणजे ‘तिला कळायच्या आत पोटात गेलेलं असतं.’ मग अनवाणी दहा मिनिटं चालायचं, गॅलरीपासून आतल्या खोलीपर्यंत. हे चालणं आम्हाला खाली ऐकू येई. धप, धप, धप, आणि मग मधेच एका ठिकाणी काहीच नाही. ती जागा बरोबर आमच्या पलंगाच्या उशाशी होती. मी जागा होऊन छताकडे बघत पडलेला असे, आणि माझ्या वर दहा फुटांवर एक माणूस श्वास रोखून उभा आहे हे मला ठाऊक असे. एकदा धीर करून विचारलं, मधे थांबता कशाला. तर म्हणाले, कान द्यायला. चढायला लागली तर आवाज येतो. मी विचारलं, कसला? त्यांनी थोडा विचार केला. “गच्चीवरची टाकी भरत आली की पाण्याचा आवाज बदलतो ना,” ते म्हणाले, “तसा.” मी इतिहासाचा प्राध्यापक आहे आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण त्या आठवड्यात मी दोनदा गच्चीवर जाऊन टाकीजवळ उभा राहिलो.

माणूस भेटला की ते त्याच्या चेहऱ्याकडे न बघता आधी पायांकडे बघत. लग्नात वरपक्षाची मंडळी स्वागताला हात जोडून उभी असायची आणि काका त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्या निरखत असायचे. भले भले लोक त्यांच्यापुढे पाय खुर्चीखाली ओढून घेत. याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, येवल्याला पैठणी विणत. आधी घरच्या मोरीकडे मुंग्यांची रांग लागली. गूळ सांडलाय असं समजून वहिनींनी दोन दिवस स्वयंपाकघर धुतलं. गूळ कुठेच सांडला नव्हता. मग अण्णांच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरली नाही. अंगठा गेला, मग पाऊल गेलं. पायाशिवाय माग चालत नाही. अर्धी विणलेली पैठणी मागावर तशीच राहिली, त्यातल्या मोराला मान होती आणि पिसारा नव्हता. शेवटी मुलाने त्यांना सुरतला नेलं. “नेलं त्या दिवशी अण्णा संपला,” काका म्हणाले. “पुढचे आठ महिने नुसता श्वास चालू होता. ती आईकडून अण्णाकडे आली, अण्णाकडून माझ्याकडे. असू दे. पण मला इथून कोणी उचलून नेता कामा नये.”

नेण्याची तयारी पुण्यात झालेलीच होती. मुलगी गुणी होती आणि म्हणूनच ठाम होती. तिने बापाशी करार केला होता: उपाशीपोटीचा आकडा एकशे तीसच्या आत असेल तोवर बाबांनी नाशिकला एकटं राहावं, त्याच्यावर गेला की सामान बांधायचं. रोज सकाळी ओट्सच्या आधी काका बोट टोचत आणि तिला मोबाइलवर आकडा पाठवत. फोटो नाही, नुसता आकडा. ज्या माणसाच्या सहीवर विमानं उडाली त्याच्याकडे पुरावा कोण मागणार? आकडा यायचा एकशे बारा. कधी एकशे अकरा, कधी एकशे तेरा, पण पुन्हा एकशे बारा. दसऱ्याला एकशे बारा, दिवाळीत एकशे बारा, तापाने फणफणले होते त्या दिवशीही एकशे बारा. ते मला वही दाखवत तेव्हा माझ्या अंगावर काटा येई. सबंध पान एकाच आकड्याने भरलेलं, तुरुंगातल्या माणसाने भिंतीवर रेघा ओढाव्यात तसं. जिवंत शरीर इतकं एकसारखं राहतं कसं?

त्याचं उत्तर मीच होतो, हे कळायला मला वर्ष लागलं.

काकांचा यंत्रावर विश्वास नव्हता. कारखान्यात प्रत्येक मोजमापाचं साधन ठरावीक काळाने ‘मास्टर’ला लावून बघतात. मास्टर म्हणजे लाकडी पेटीत कापडात गुंडाळून ठेवलेला, बिनचूक मापाचा तुकडा. साधन चुकू शकतं, कामगार चुकू शकतो, साहेब तर चुकतोच. मास्टर चुकत नाही. रक्त तपासायच्या यंत्रालाही मास्टर हवा म्हणून काकांनी एका रविवारी मला उपाशीपोटी वर बोलावलं, बोट टोचलं आणि शहाण्णव आकडा बघून समाधानाने मान हलवली. निरोगी, नोकरीतला, बावन्न वर्षांचा माणूस, आणि राहतो एक जिना खाली. त्या दिवसापासून मी मास्टर झालो. घरी येऊन बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, “चला, कुठेतरी तुमची नेमणूक झाली.”

मग दर रविवारी सकाळी मी त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बोट पुढे करायचो. दिव्याच्या उजेडात काका माझं बोट धरून रक्ताचा थेंब फुगण्याची वाट बघायचे. मला कधी कधी वाटे, या खोलीत आपण दोघंच नाही. नंतर एक वाडगं ओट्स माझ्यापुढे येई आणि पाहुणचार म्हणून ते मला संपवावे लागत. त्याची चव जाण्यासाठी मी तिथून थेट मिसळ खायला जायचो, आणि मिसळीबरोबर जिलबी घ्यायचो, कारण रविवार होता आणि मी निरोगी होतो.

चार महिन्यांनी माझा आकडा एकशे दोन आला. काकांनी यंत्र उलटंपालटं करून बघितलं. “मशीन चढायला लागलं,” ते म्हणाले. “सहा.” चांगलं साधन फेकून द्यायचं नसतं, त्याची चूक किती ते लिहायचं आणि मापातून वजा करायची, ही तिकडची पद्धत. त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर ‘वजा सहा’ लिहिलं आणि रोजच्या आकड्यातून सहा वजा करायला लागले. मग वजा चौदा झालं. मग वजा सत्तावीस, आणि थंडीपर्यंत वजा चव्वेचाळीस. यंत्र म्हातारं होतंय याची त्यांना खंत वाटायची. मधल्या काळात मला तहान फार लागायची, ती मी उन्हाळ्याच्या नावावर टाकली. नव्या चपलेने अंगठ्याला चावलं होतं, ते महिना झाला तरी बरं होत नव्हतं. साऱ्या नाशिकच्या पायांकडे बघणाऱ्या काकांनी माझ्या अंगठ्याची पट्टी बघितली आणि चपलेचं दुकान कोणतं, एवढंच विचारलं. मास्टरकडे कोणी संशयाने बघत नाही.

गेल्या थंडीत मुलगी न कळवता आली, आणि येताना बापासाठी नवं यंत्र घेऊन आली. रविवारच होता. मी माझं बोट घेऊन वर गेलो तेव्हा तिने पडदे उघडलेले होते आणि काका उजेडात डोळे बारीक करून बसले होते. तिने त्यांचं बोट टोचलं. एकशे छप्पन्न. काका शांतपणे म्हणाले की त्यातून चव्वेचाळीस वजा कर, एकशे बारा होतात.

“बाबा, हे मशीन नवीन आहे. आत्ता तुमच्यासमोर डबा फोडलाय.”

“मग सरांचं घे. लगेच कळेल.”

तिने माझं घेतलं. एकशे चाळीस. काका खूश झाले. हेही बरोबर चव्वेचाळीस चढतंय, बघ, असं ते सांगायला लागले आणि वाक्याच्या मध्येच थांबले. दोन वेगळी साधनं एकच चूक, त्याच मापाने करत नाहीत. हे त्यांनी एकतीस वर्षं कारखान्यात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. खालच्या रस्त्यावरची एसटी गिअर बदलताना ऐकू आली. काकांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली गेली, गुडघ्यांवरून, पावलांवर, आणि अंगठ्याच्या पट्टीवर येऊन थांबली.

“सर,” ते म्हणाले. त्या घरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोठा होता. “मास्टर चढलाय.”

मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांचा त्या क्षणी मला काडीचा उपयोग झाला नाही. मला एवढंच वाटलं की ती या खोलीत झोपलेली कधी नव्हतीच. गेलं वर्षभर दर रविवारी ती माझ्याबरोबर जिना उतरत होती, मिसळीच्या टेबलावर माझ्यासमोर बसत होती, आणि वर हा म्हातारा रिकाम्या घरात तिच्यासाठी पाय न वाजवता चालत होता.

प्रयोगशाळेने दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांचे आकडे खरे ठरवले. काकांनी वाद घातला नाही. माल मापात बसला नाही तर परत जातो, यात वाद कसला, असं म्हणून त्यांनी स्वतःच बॅग काढली. वही मात्र त्यांनी लाल पेनाने पहिल्यापासून शेवटपर्यंत दुरुस्त केली. प्रत्येक एकशे बारावर काट मारून शेजारी खरा आकडा लिहिला. त्याला त्यांना दोन दिवस लागले आणि मुलगी दोन दिवस थांबली. निघताना मी त्यांना धरून जिन्यावरून उतरवत होतो, तेव्हा आमच्या दाराशी ते थांबले. मला वाटलं, कान देतायत. पण ते माझ्या बायकोला म्हणाले, “चूक यांची नाही. अंगठा माझ्यासमोर होता. मी पास केला.” आणि मग मुलीकडे न बघता मला म्हणाले, “अण्णाही असाच बसला होता गाडीत. खिडकीशी.”

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी मी फाटकाशी उभा होतो. ते सुरतेच्या वाटेनेच गेले आहेत असं माझ्या मनाने घेतलं होतं. पुढचे कित्येक दिवस पुण्याहून फोन आला की मी तो बायकोला उचलायला सांगत असे.

आता सहा महिने झाले. मी रोज सकाळी ओट्स खातो, काकडी आधी. मिसळीचा रस्ता सोडला आहे. माझा अंगठा बरा झाला. काकांच्या बंद घरातून पावलं ऐकू येत नाहीत, तरी त्या वेळेला मला जाग येते आणि मी उगाच छताकडे बघत पडून राहतो. सातला त्यांचा फोन येतो. माझा आकडा विचारतात, मी सांगतो, ते लिहून घेतात. लिहून झालं तरी फोन लगेच ठेवत नाहीत.

त्यांच्याबद्दल मला वाटत होती तशी काळजी करण्यासारखं मात्र काही घडलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी अर्धी गोळी वाढवली. मुलीच्या घरी ओट्स कोणाला आवडत नाहीत, म्हणून सकाळी सगळ्यांबरोबर त्यांनाही ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी मिळते. उपाशीपोटी ती एकशे आठ येते, काही वजा न करता.