अकराव्या ओळीची इस्त्री

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सव्वानऊला दवाखान्यातून ह्यांचा फोन आला. घरात मी आणि बाळंतपणासाठी सांगलीहून आलेली आमची लेक अश्विनी, दोघीच होतो. गोधडीच्या बारा ओळींपैकी दहा एकमेकींना जोडून झाल्या होत्या. अकरावी आणि बारावी शिवून तयार होत्या, पण सुट्या होत्या. हे एवढंच म्हणाले, "आक्का गेली..."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, सुमनवन्सं. मलकापुरात आमच्या समोरच्याच घरात राहायच्या. त्या गेल्याचं दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर सध्या रागच जास्त येतो. त्यांचाही आणि माझाही.

एकोणीस वर्षांत आम्ही दोघींनी सात गोधड्या केल्या. जुन्या सुती साड्यांचे साडेपाच इंची चौकोन मी कापायचे, मशीनही माझंच. इस्त्री मात्र वन्संची. त्यांचे यजमान कोयनानगरला नोकरीला असताना घेतलेली, चांगली जड. दोन चौकोन जोडले की मशीन थांबवायचं, शिवण इस्त्रीखाली दाबायची, मगच तिसरा चौकोन. बारा ओळी, प्रत्येकीत बारा चौकोन, म्हणजे एकशे बत्तीस शिवणी. त्यावर ओळी जोडणाऱ्या अकरा. एकशे त्रेचाळीस वेळा थांबायचं! माझा जीव नुसता कातावून जायचा.

"आवं वन्सं, सगळं जोडून झाल्यावर एकदाच फिरवू की."

"फिरवायला अंगण सारवायचं हाय व्हय? ठेवायची, उचलायची. वढलीस की कापड ताणतंय."

शिवणीच्या मागची पट्टी कुठे झुकवायची याचाही नियम होता. पहिल्या ओळीत सगळ्या उजवीकडे, दुसरीत डावीकडे, तिसरीत पुन्हा उजवीकडे. मग ओळी जोडताना पट्ट्या एकावर एक येत नाहीत, कोपऱ्याला कोपरा बसतो आणि गाठीसारखं जाड होत नाही. एकदा त्या नागपंचमीला शिराळ्याला सासरी गेल्या, तेव्हा मी सहा ओळी शिवून, जोडून, शेवटी एकदाच इस्त्री मारली. आल्यावर त्यांनी नुसता हात फिरवला. "ह्यात खडं भरल्यात का गं?" म्हणाल्या, आणि ब्लेड घेऊन बसल्या. माझं आठ दिवसांचं काम त्यांनी पाऊण तासात उसवलं. मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी समोरून हाक आली, "राग घडी घालून ठिव आन् ये. इस्त्री तापलीया!"

यंदाची गोधडी अश्विनीच्या बाळासाठी. वन्सं मधूनच पाठीला हात लावायच्या. विचारलं की म्हणायच्या, "वय झालं, दुसरं काय न्हाई." दुखणं तीन महिन्यांचं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. एका शब्दानं सांगायचं नाही माणसानं?

तेराव्यानंतर उरलेल्या ओळी जोडायला काढल्या आणि उलट्या करून जमिनीवर पसरल्या. अकरावीतल्या पहिल्या सहा शिवणी उजवीकडे होत्या, पुढच्या पाच डावीकडे. मी दोनदा मोजलं. वन्संच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

मग आठवलं. ह्याच ओळीच्या मध्ये त्या इस्त्री उभी करून खाली बसल्या होत्या. "च्या टाक गं जरा," म्हणाल्या. मी घड्याळ बघितलं. साडेतीन. आमचा चहा चारला. मी म्हणाले, "पाच शिवणी राहिल्यात, ओळ तेवढी संपवा." त्या उठल्या आणि ओळ संपवली. मी तिची घडी घालून पेटीत ठेवली. मापात सुताचा फरक न चालणारी मी, उलटून पाहिलं नाही.

अश्विनी म्हणाली, "आई, पाचच आहेत, वळव की." इस्त्री तापवली. त्या पाच शिवणींवर हात गेला नाही... बंद केली. ओळ होती तशी जोडली.

वरच्या आणि खालच्या ओळीशी मिळून दहा कोपरे जाड झाले. गोधडी नातीला दिली. ती आज बारा दिवसांची आहे. तिच्या अंगाखाली घालण्याआधी दहाही कोपरे मी एकेक करून स्वतःच्या गालावर घासून बघितले. टोचत नाहीत. हाताला मात्र लागतात.