विटा बांधलेलं झाड

नवं रोप असो, नवा माणूस असो की नवी अडचण, समोर आली की दादा आधी उजवा हात डोक्यावर सरळ उंच करत आणि बोटांच्या टोकांकडे बघत. मग म्हणत, "हात पोचंल तवर आपली वाडी." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस देवाशी काही बोलतोय. ते माप घेत होते हे मला फार उशिरा कळलं. जमिनीवर बसून जेवढा हात वर जातो तेवढंच त्यांच्या बागेचं आभाळ.

पालघर जिल्हा नवा झाला त्या वर्षी माझी बदली विवळवेढ्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात झाली. मी नर्स, देशावरची. इकडे लहानथोर सगळ्यांना एकेरीत बोलायची रीत आहे, साहेब आला तरी त्याला 'तू'च. "बाय, तू कुठली?" असं कुणी विचारलं की मला राग यायचा. पहिले दोन महिने मी त्या रागातच काढले. तुम्ही कुणी नोकरीनिमित्त तिकडे गेला असाल तर तुम्हीही काढले असतील.

माझ्या भेटींच्या यादीत दादांचं नाव होतं. वय पन्नाशीचं. घोलवड-बोर्डीकडच्या चिकूच्या वाड्यांमध्ये वीसेक वर्षं कलमं बांधायचं काम केलेलं. एका पावसाळ्यात स्वतःच्याच अंगणातल्या चिकूवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. लग्न झालेलं नव्हतं. धाकटा भाऊ आणि भावजय यांच्याकडे राहत. गावात सगळे त्यांना कलमवालेच म्हणत, मी दादा म्हणू लागले.

यादीवर 'अंथरुणाला खिळलेले' असं लिहिलं होतं. मी गेले तर खाट रिकामी. घाबरून हाक मारली तर वांग्यांच्या मागून उत्तर आलं. ट्रकच्या चाकाच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कमरेखाली घेऊन ते दोन्ही हातांवर सरकत होते. वांगी, मिरची, हळद, सगळं त्यांनी बसल्या जागेभोवती अर्धगोल लावलेलं. दोन वाफ्यांमध्ये त्यांच्या कमरेएवढीच वाट. लांबच्या ओळीत बी टाकायला पोकळ बांबू होता. त्याचं टोक हव्या त्या खड्ड्यावर ठेवायचं आणि वरून बी सोडायचं. ते बी खडखडत खाली जायचं आणि दादा कान देऊन ऐकायचे. मी तिथे ब्लडप्रेशर घ्यायला गेले होते आणि अर्धा तास बी सोडत बसले.

मग मी नेहमीचा शहाणपणा केला. डहाणूला अपंगांसाठी शिबिर होतं, तिथे चार खेपा घालून त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची मिळवली. पुढच्या महिन्यात बघते तर खुर्चीत रायणीच्या रोपांच्या पिशव्या बसलेल्या. रायण म्हणजे खिरणी. तिच्या रोपावरच चिकूचं कलम बांधतात. "लय कामाची गाडी हाय," ते म्हणाले, "रोपा सावलीला न्यायला बरी." माझा चेहरा बघून त्यांनी समजूत काढली. "खुर्चीत बसलो का जमीन लांब जाते गं." 

तरी एक गोष्ट मला उमगत नव्हती. रायणीची रोपं कशासाठी? झाडावर चढणं तर संपलेलं. भेटकलम बांधायचं म्हणजे रायणीचं रोप चिकूच्या जिवंत फांदीला नेऊन भेटवायचं, दोघांची साल तासायची आणि बांधून टाकायचं. फांदी उंचावर असेल तर माणसं मांडव घालून रोपं वर नेतात. अंगणातल्या त्या चिकूच्या खालच्या फांद्या कधीच्याच तोडलेल्या होत्या. उरलेली सगळ्यात खालची माझ्या डोक्याच्याही वर होती.

कारण भावाने सांगितलं. त्याला घरकुल मंजूर झालं होतं. जागा मोजली तेव्हा झाड बरोबर मधे येत होतं. पुढच्या वर्षीचा पाऊस संपला की पाया खणायचा, म्हणजे झाड जाणार. भाऊ हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. तो काही वाईट माणूस नव्हता. दोन पावसाळे पोरांना घेऊन गळक्या पत्र्याखाली काढलेले, त्याने तरी काय करायचं?

त्या चिकूची गोडी मी चाखली होती. साल पातळ आणि गर असा की दाताला कण लागायचा नाही. तसला चिकू आख्ख्या घोलवडात दुसरा नाही असं दादांचं म्हणणं. त्यांच्या बापाने कुठल्याशा वाडीतून आणून लावलेला. म्हणजे त्यांना झाड वाचवायचं नव्हतं, झाडाचं वाण वाचवायचं होतं, आणि तेही झाड तुटायच्या आत. मी म्हटलं, ज्या झाडाने पाडलं त्याचा एवढा सोस कशाला? ते हसले. "झाडानं नाय पाडला. फांदी ओली होती, घाई मला होती."

दिवाळीनंतर त्यांनी विटा मागवल्या, घरकुलाच्याच. भाऊ शिडीवर चढून कोवळ्या फांद्यांना सुतळ्या बांधून आला आणि प्रत्येक सुतळीला एक वीट टांगली. दर पंधरा दिवसांनी अजून अर्धी वीट. फांदीला कळू द्यायचं नाही की तिला वाकवतायत, असं ते सांगत. मी गेले की आधी फांद्या बघायची आणि मग ब्लडप्रेशर. शिमग्यापर्यंत चार फांद्या त्यांच्या उंच केलेल्या हाताला टेकल्या.

आणि नेमकं तेव्हाच मला त्यांच्या बैठकीवर बेडसोर सापडला. बसून बसून झालेली जखम, रुपयाएवढी, पण खोल. त्यांना दुखत नव्हतं, आणि भीती तीच होती. अशा जखमेने माणूस जातो. मी कडक आवाजात सांगितलं की बसायचं बंद. पालथं झोपून राहायचं, जखम भरेपर्यंत.

"किती दिस?"

"तीन महिने तरी."

 ते हळूच म्हणाले, "कलम जुळाया बी तेवढंच लागतंय."

पुढच्या आठवड्यात गेले तर खाट घरात नव्हती. झाडाखाली होती. खाटेवर दादा पालथे, उघड्या जखमेवर माझीच स्वच्छ पट्टी, छातीखाली गोधडी, दोन्ही हात खाटेच्या कडेवरून खाली सोडलेले. समोर जमिनीवर रायणीच्या पिशव्या. मी चिडायचं ठरवून आले होते, पण चिडायला जागाच नव्हती. माझा एकही नियम त्यांनी मोडला नव्हता. पंचाईत एकच होती. पालथा माणूस हात वर करू शकत नाही. फांद्या अजून दोन हात खाली यायला हव्या होत्या आणि भावाने काढून दिलेल्या विटा संपल्या होत्या.

त्याच सुमारास जवळच्या डोंगरावरच्या महालक्ष्मीची जत्रा भरली. त्यांच्या घरावरून पायवाट जाते, गुजरातकडून येणारे लोकसुद्धा तिथूनच जातात. झाडाला विटा टांगलेल्या आणि खाली एक माणूस पालथा पडून हात जोडल्यासारखे हात पुढे केलेला. तुम्ही असता तर तुम्हीही थांबला असता. पहिल्या दिवशी कुणीतरी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी एका बाईने लाल फडक्यात नारळ बांधून फांदीला लटकवला. मग बघता बघता नारळच नारळ. मी विचारलं, तुम्ही काही सांगत नाही का लोकांना? "देवीचं नाव घेऊन बांधतात, कसा नको सांगू? आणि वजन बी बराबर हाय," ते म्हणाले. जत्रेच्या दहाव्या दिवशी फांद्या त्यांच्या बोटांना लागल्या. अकरा कलमं बांधली त्यांनी पालथं पडून. सुरी फिरवताना त्यांचा श्वास चालायचा नाही, आणि माझाही.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. जत्रा संपली आणि भाऊ एका संध्याकाळी उपकेंद्रावर आला. पाच पोरांचा बाप रडकुंडीला आलेला. गावातली म्हातारी माणसं म्हणत होती, हे झाड आता नवसाचं झालं, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. बायकोही म्हणत होती. अंगणात दुसरी जागा नाही, आणि काम सुरू केलं नाही तर घरकुल परत जाणार. त्याने मला विचारलं, तू शिकलेली, तू सांग, देवीचा कोप होईल का?

खरं सांगते, मला आतून आनंद झाला. झाड वाचलं. दादांनी काही न करता वाचलं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी पट्टी बदलायला गेले तेव्हा हेच त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली.

त्यांनी भावाला आणि चारदोन म्हाताऱ्यांना बोलावून घेतलं. पालथ्या माणसाशी बोलायचं म्हणून सगळे उकिडवे बसले. भाऊ मात्र खांबाला टेकून उभाच राहिला. दादा म्हणाले, "देवी डोंगरावर हाय. हिथं माझ्या विटा हायत. मीच बांधल्या, कलमासाठी."  मग त्यांनी भावाचं नाव घेतलं आणि सांगितलं, "घर बांध. नारळ सोडवून देवळात नेऊन दे सगळे, माणसांचे हायत ते. फांद्या तेवढ्या खुंट्यांना बांधून श्रावणापर्यंत राहू दे."

म्हाताऱ्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण ज्याने विटा बांधल्या तोच सांगतोय म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही. मी घरी येईपर्यंत डोळे पुसत होते. माणूस इतका सरळ असू नये असंही मनात आलं, ते लपवत नाही.

अकरापैकी चार कलमं जगली. जखमही भरली, आणि ती भरली याचं श्रेय मी आजही स्वतःकडेच ठेवते. दसऱ्यानंतर झाड तोडलं. कुऱ्हाड चालली तेव्हा दादा खाटेवरच होते, तोंड दुसरीकडे केलं नाही. घर उभं राहिलं. उरलेल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी तीन कलमं लावली, एक मला उपकेंद्रासाठी दिलं. पुढची दोन-तीन वर्षं ते त्या रोपांचे शेंडे खुडत राहिले, फांद्या आडव्या ताणत राहिले. वर जाऊच द्यायचे नाहीत. झाड आडवं का वाढवता, असं मी विचारलं की नुसता हात वर.

२०१८च्या पावसात त्यांना ताप आला. लघवीचा संसर्ग मूत्रपिंडात गेला होता. डहाणूला नेलं, तिथून पुढे नेलं, पण उपयोग झाला नाही. तोवर एकाही कलमाला फळ धरलेलं नव्हतं. तीन महिने पालथं पडून ज्याची वाट पाहिली ते त्यांना चाखायला मिळालं नाही, आणि मला ते अजून पचत नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेले तर दार उघडं, भाऊ दिसेना. घराच्या मागे आवाज आला. तिथे ती तीन झाडं चटईसारखी पसरली होती आणि पहिल्यांदाच फळं धरली होती. सगळी जमिनीपासून दोन-अडीच हातांवर, पानांच्या आत. भाऊ चांगला उंच माणूस. तो मातीत फतकल घालून बसला होता आणि हाताने चाचपून एकेक चिकू काढून टोपलीत ठेवत होता.

"उभ्यानं दिसतच नाय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत मी त्याला त्याच्या भावाशी कधी बसून बोलताना पाहिलं नव्हतं. आता तो बसला होता. त्याने थोडं सरकून मला जागा केली, आणि मी साडीची पर्वा न करता खाली बसले.